थोपव आणि थोपट

केबिनमध्ये त्या दुपारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक घडीची खाट, एका पात्याचा कोपरा उडालेला पंखा, चहाचा थर्मास, सात लंगोट, दोन दुपटी, एक पिवळा टॉवेल, एक लाल झबलं, आवाज अडवणारे लहान मुलांचे इअरमफ, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेल्या एक सासूबाई, पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घातलेला एक जावई आणि पाच महिन्यांची एक मुलगी. यांपैकी झोपायला हवी होती ती एकटी मुलगी, आणि तीच तेवढी टक्क जागी होती.

घरात तिला गोटी म्हणत. डोळेच तसे होते. कुणाकडेही बघायची ती हिशोब विचारल्यासारखी.

केबिन पत्र्याची होती, पण तिच्या भिंतींत जाड कापूस भरलेला होता, आणि ती रंगमंचाच्या पाठीमागे, त्याच्यापासून दीडशे मीटरवर उभी होती. ही जागा जावयाने मुद्दाम मागून घेतली होती. सकाळी तो दार-खिडकी लावून आत बसला होता आणि त्याने मोबाइलवर आवाज मोजला होता. चढे, टोकदार आवाज भिंतीतच विरत होते. आत येत होता तो नुसता जाड ठोका, वरच्या मजल्यावर कुणी अनवाणी चालावं तितका. बोलण्यापेक्षा मोठा नाही. तरी इअरमफ आणले होतेच. बापाचं काळीज ते.

जावई डीजे होता. हाउस वाजवायचा, म्हणजे एका लयीत न थकता चालणारा ठोका आणि त्यावर ढगांसारखे सावकाश येत-जात राहणारे सूर. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मोठ्या मनाने त्याचा एक पूर्ण कार्यक्रम ऐकला होता आणि शेवटी शेजारच्या बाईंना विचारलं होतं, "हे सगळं झालं, पण गाणं कधी सुरू होणार?"

आता मात्र थट्टेची वेळ नव्हती. त्याची बायको भूगर्भशास्त्रज्ञ होती. बाळंतपणाची रजा संपली आणि तिला डोंगरापलीकडच्या खोदकामाच्या छावणीवर जावं लागलं; परतायची होती ती उन्हाळा सरल्यावर. बाळाचं खाणं-न्हाणं सासूबाईंनी अंगावर घेतलं आणि आठ दिवसांत ते झकास बसवलं. अडलं होतं ते झोपेवर. पहिल्या दिवसापासून बायकोने पाजायचं आणि नवऱ्याने झोपवायचं, अशी वाटणी होती. त्यामुळे गोटीला झोप म्हणजे बापाचा डावा हात, एवढंच माहीत होतं. दुसऱ्या कुणाचा हात पाठीवर पडला की ती मान वळवून बघायची, आणि ओळख पटली नाही की तोंड उघडायची.

आणि या उन्हाळ्याचे सगळे महोत्सव एकाच आयोजक बाईंच्या हातात होते. त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, "आज सहाला तुमचं संपलं की मला एक शब्द द्या. सगळा मोसम, नाहीतर काहीच नाही. निम्म्यातून गळणारा माणूस मला परवडत नाही. 'नाही' असेल तर मनात राग नाही, रांगेत दुसरे आहेत."

रांगेत दुसरे होते, हे खरंच. आणि एक उन्हाळा न दिसलेला डीजे पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या स्वप्नातही येत नाही, हेही खरं. म्हणजे सगळं घोडं एकाच ठिकाणी येऊन पेंड खात होतं. गोटी सासूबाईंच्या हाताने झोपेल का?

"आई, तुमचा हात जरा…" तो चाचरत म्हणाला.

"जरा काय?"

"जलद आहे."

"जलद?" सासूबाईंनी थोपटणं न थांबवता चष्म्यावरून पाहिलं. "जावईबापू, मी अख्खा जन्म टायपिंगच्या क्लासात काढला. मिनिटाला ऐंशी शब्द होता हा हात. आता निम्म्यावर आणलाय. याहून हळू गेले तर परीक्षेला बसलेली नवी मुलगी वाटेन मी."

हात जलद होता, पण खरी मेख वेगळीच होती. टाइपरायटरची ओळ संपली की रूळ उजवीकडे सरकवून नवी ओळ धरायची सवय त्यांच्या हाडीमासी भिनलेली. ठरावीक थापा झाल्या की त्यांचा हात आपोआप दुपट्यावरून डावीकडून उजवीकडे सर्र् फिरायचा. ओळ संपली! आणि मिटत आलेले गोटीचे डोळे फटकन उघडायचे.

"ते शेवटचं ओढणं नको," तो म्हणाला.

"मी कुठे ओढते?" असं म्हणता म्हणता त्यांनी ओढलं.

घड्याळात पावणेचार झाले होते. त्याने रेकॉर्डची पेटी उचलली. खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथून रंगमंचाच्या खांबांच्या फटीतून मला ही खिडकी दिसते. झोपली की पिवळा टॉवेल लावा. अगदीच आवरेना झालं तर लाल झबलं."

"लाल लागलं तर काय कराल? पाच हजार माणसं सोडून याल?"

तो दाराकडे वळला.

"जा," सासूबाई म्हणाल्या. "मोजे तरी एका जातीचे घालायचे होतेत."

*

मैदान उताराचं होतं. वाळत चाललेल्या गवतावर ऊन तिरपं पडलं होतं, आणि आधीच्या डीजेने लोकांना इतकं उडवलं होतं की धूळ कमरेएवढ्या उंचीवर लोंबत राहिली होती. तो पोरगेला डीजे घामाघूम होऊन खाली उतरला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "तापवून दिलंय दादा, भाजून घ्या," आणि निघून गेला.

टेबलावर रेकॉर्ड फिरवणारे दोन उसने डेक होते, मध्ये त्यांचे आवाज मिसळणारा मिक्सर. त्याने पेटीतून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा काढला आणि मिक्सरवर जिथे वेगाचा आकडा उमटतो तिथे चिकटवला. ही त्याची नेहमीची पहिली कृती. जुन्या रेकॉर्डच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांच्याकडे तो शिकला. काकांचा एकच नियम होता. आकडा डोळ्यांना दिसला की कान आळशी होतो.

काकांकडूनच त्याने आणखी एक गोष्ट उचलली होती, ती मात्र चुकून. दोन रेकॉर्ड एकत्र चालवताना त्यांचे ठोके कायम जुळून राहत नाहीत. एक केसभर पुढे पळायला बघते. मग तिच्या कडेला बोट टेकवून तिला मागे धरायचं. दुकानातल्या गोंगाटात काका ओरडले होते, "थोपव तिला, थोपव!" आणि त्याला ऐकू आलं होतं, "थोपट." म्हणून त्याने रेकॉर्ड अडवली नाही. तिच्या कडेवर बोटाच्या पेराने हलकी थाप दिली, मग दुसरी, मग तिसरी. रेकॉर्ड मागे आली ती झटका न बसता, कुणाला न कळता. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मी हे सांगितलं नव्हतं. पण असू दे." तेव्हापासून बाकीचे डीजे थोपवायचे आणि हा थोपटायचा. जाणकार लोक म्हणत, याच्या एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना उंबरा लागत नाही.

पहिली रेकॉर्ड त्याने बिनठोक्याची लावली. नुसता वाऱ्यासारखा एक सूर. कढईतलं उकळतं पाणी उतरवून ठेवावं तसं मैदान हळूहळू शांत झालं. धूळ खाली बसायला लागली. त्याने डोळे मिटले, नेहमीसारखा पोटातून ठोका मोजला आणि त्या मापाने दुसरी रेकॉर्ड सोडली.

मग वेळ पातळ झाला.

त्याने आदल्या रात्री पुरती झोप घेतली नव्हती. तसं पाहिलं तर पाच महिन्यांत घेतली नव्हती. पण ही गुंगी झोपेची नव्हती. झोपेच्या दारात उभं राहून आत न जाण्याची होती. एक रेकॉर्ड संपत आली की हात आपसूक दुसरी काढायचा, हेडफोन एका कानाला लागायचा, पेर कडेवर पडायचं. थाप, थाप. दोन ठोके एकमेकांवर बसायचे आणि एक व्हायचे. दोन्ही डेकवरचे वेगाचे दांडे आज नेहमीपेक्षा खाली येऊन थांबत होते, हे त्याला दिसलं. उसन्या डेकचं काही खरं नसतं, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

खाली मैदानात लोक डुलत होते. आवाज पुढून मागे पोचायला वेळ लागतो. तितका वेळ मागचे लोक मागे राहतात. आजच्या चालीत तो वेळ बरोबर अर्ध्या ठोक्याइतका भरत होता. त्यामुळे पुढच्यांचे खांदे खाली जात तेव्हा मागच्यांचे वर येत, आणि सगळ्या उतारावरून एक लाट सावकाश वर जात राही, पुन्हा पुन्हा, कुणी झोपेत श्वास घ्यावा तशी. त्याला वाटलं, ही माणसं नव्हेत, एक पाठ आहे. मोठी, उबदार, उन्हात पालथी पडलेली पाठ. आपण तिच्या कडेला बसलो आहोत आणि आपला हात तिच्यावर आहे.

त्याने फटीतून पाहिलं. खिडकी रिकामी. ना पिवळं, ना लाल.

"दादा!" कानाजवळ कुणीतरी ओरडलं.

आवाजाच्या यंत्रांवर बसणारा माणूस होता तो. कुठेही काहीही बिघडलं की "आधी फ्यूज बघा" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला फ्यूजच म्हणत.

"दादा, नाचवताय की झोपवताय?"

"का? काय झालं?"

"डावीकडचे पन्नासेक लोक बाहेर गेले. बाई बघतायत." फ्यूजने मानेने बाजूला खूण केली. आयोजक बाई हाताची घडी घालून पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. "वेग फार उतरलाय."

"उतरलाय? मी मिनिटाला एकशे चोवीस ठोक्यांवर वाजवतो. बारा वर्षं."

"पट्टी तुम्ही लावलीय, दादा. माझ्या यंत्रावर एकशे सोळा दिसतंय."

"यंत्र बिघडलं असेल तुझं."

"आधी फ्यूज बघितला," फ्यूज गंभीरपणे म्हणाला. "ठीक आहे."

तो गेला, आणि जावयाने डावा हात मांडीवर ठेवला. बाळाच्या पाठीवर पडतो तसाच, विचार न करता. थोपटायला लागला. दोन ठोक्यांना एक थाप. थाप ठोक्यावर पडली, पुढची थाप एक सोडून पुढच्या ठोक्यावर पडली, आणि त्यानंतरची, आणि त्यानंतरची. कुठेही केसभर फट नव्हती.

त्याला हसू आलं. बारा वर्षं जे पोटात होतं ते पाच महिन्यांत खाली उतरलं होतं. पट्टी नसती तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. कान आळशी झाला नव्हता. बाप झाला होता.

आता काय? बाई बघत होत्या. तापवून दिलेला तवा आपण गार केला, याचा जाब होता त्यांच्या उभं राहण्यात. त्याने मनाशी ठरवलं, सावकाश चढवायचं, कुणाला कळणार नाही असं. डेकवरचा दांडा त्याने नखभर वर सरकवला. मग आणखी नखभर. पुढे कुणीतरी शिट्टी मारली. लाट जराशी फुटली, मागचे खांदे आणि पुढचे खांदे आता एकमेकांना चुकू लागले.

त्याने फटीतून पाहिलं.

खिडकीत लाल झबलं होतं.

*

प्रत्येक डीजेच्या पेटीत तळाला एक लांबलचक रेकॉर्ड असते. श्रोत्यांना वाटतं, ती कलेची परीक्षा आहे. खरी गोष्ट अशी की दोन-दोन, तीन-तीन तास उभं राहायचं असतं, पाणी प्यायलेलं असतं, आणि माणूस म्हटलं की त्याला मधेच जावं लागतं. धंद्यात तिला शू-रेकॉर्ड म्हणतात. त्याच्या पेटीतली अकरा मिनिटांची होती. बारा वर्षांत त्याने ती ठरलेल्या कामाशिवाय कधी लावली नव्हती.

त्याने ती काढली, तिचा ठोका मिळवला, आधीची उतरवली.

"चाललात?" फ्यूजने करंगळी वर केली.

"बाळ," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

आयोजक बाई मधे आल्या. "अहो, वेग आत्ता कुठे येतोय आणि तुम्ही—"

"अकरा मिनिटांत आलो."

"मला शब्द हवाय सहाला, विसरू नका. आणि असं पेंगुळलेलं वाजवणार असाल तर तो शब्द घ्यायचा की नाही, हे मीही ठरवणार आहे."

रंगमंचामागे वायरींचे गठ्ठे, रिकाम्या खोक्यांच्या भिंती, कुणाची तरी सायकल. तो पळत होता आणि ठोका त्याच्या पाठीमागून येत होता. जाड आवाज पुढे जातो तितकाच मागेही पसरतो. मजा अशी की पळता पळता ठोका किंचित हळू झाल्यासारखा वाटत होता. आवाजापासून दूर जाणाऱ्याला तसंच ऐकू येतं, हे तो शाळेत शिकला होता, पण पायांनी कधी अनुभवलं नव्हतं. त्याच्या मनात लाल झबलं फडफडत होतं. पडली असेल. ताप असेल. श्वास अडकला असेल.

त्याने दार उघडलं.

"शूऽऽ!" सासूबाई म्हणाल्या.

खाटेवर गोटी पालथी होती. इअरमफ घातलेले, गाल चादरीवर चेपलेला, तोंडाच्या कोपऱ्यात लाळेचा एक फुगा. डोळे अर्धे मिटलेले. सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर पडत होता, उठत होता. पंखा फिरत होता. भिंतीतून ठोका येत होता, जमिनीतून आल्यासारखा, आणि एक सोडून एका ठोक्याला हात खाली येत होता.

"काय झालं?" त्याला दम लागला होता.

"काय व्हायचंय? छान चाललं होतं. मघाशी काय बदललंत तुम्ही?"

"बदललं?"

"वेग. डोळे मिटले होते पोरीचे. तुम्ही तिकडे काहीतरी केलंत आणि माझा हात घसरला. उघडले ना डोळे."

"आई, मी नखभर… कुणाला कळतसुद्धा नाही ते."

"कुणाला नाही ते मला कळतं. शंभर मशीन एकाच वेळी चालायची क्लासात, कोणती पोरगी मागे पडलीय ते मी पाठमोरी सांगायचे."

"पण लाल का लावलंत? माझा जीव गेला अर्धा."

"मग काय लावणार?" सासूबाई कुजबुजत कडाडल्या, ही कला त्यांनाच साधायची. "दोनच रंग ठरवलेत तुम्ही. झोपली आणि आवरेना. 'आहे तसं चालू द्या' याला रंग ठेवला होतात कुठे?"

तो खुर्चीवर बसला. बसल्या बसल्या त्याला जाणवलं की सासूबाईंचा हात ओळ ओढत नव्हता. थाप, थाप, थाप, आणि पुढे नवी ओळ नाहीच. एकच ओळ, लांब, न संपणारी.

"आई, ते तुमचं ओढणं…"

"संपतच नाही हो तुमची ओळ," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "मी वाट बघत होते, आता ओळ संपल्याची घंटी वाजेल, आता वाजेल. वाजेचना. मग म्हटलं, जाऊ दे. हात चालू द्यावा." थोडा वेळ त्या नुसत्या थोपटत राहिल्या. "मी तेव्हा विचारलं होतं ना, गाणं कधी सुरू होणार? ते सुरू व्हायचंच नसतं, असं आहे होय?"

गोटीचा डोळा एकदा हलला. ती वेळ मोजल्यासारखी बापाकडे बघत होती. मग बघणं तिथेच राहिलं आणि पापणी खाली आली.

तो मांडीवर थोपटत होता. त्याला ठाऊक नव्हतं कधीपासून. बाहेरचा ठोका त्याच्या हाताच्या पुढे होता, जेमतेम. तो नखभरच. पण आता तो त्यालाही टोचत होता, बुटातल्या खड्यासारखा.

"जा आता," सासूबाई म्हणाल्या. "आणि मघाचं आणा परत. वेग वाढवावासा वाटला तर थोपवा स्वतःला."

"थोपवू?"

"का? काय चुकलं त्यात?"

"काही नाही," तो म्हणाला. "एकदा तरी नीट ऐकू आलं."

*

शू-रेकॉर्ड शेवटच्या मिनिटात होती. फ्यूज डेकपाशी उभा होता, सुरी पोटाला लावल्यासारखा चेहरा करून.

"दादा, आणखी थोडा वेळ लागला असता तर मी गाणं म्हणणार होतो."

त्याने पुढची रेकॉर्ड लावली. पट्टी काढली नाही, फ्यूजलाही विचारलं नाही. डावा हात मांडीवर थोपटत ठेवला आणि उजव्या हाताच्या पेराने रेकॉर्डच्या कडेला थाप देत गेला. पुढची रेकॉर्ड, तिच्याही कडेला. तिसरीच्या मध्यावर ठोका आणि मांडीवरची थाप एकमेकांवर येऊन बसली, आणि बसल्यावर त्याने दांड्यावरून हात काढून घेतला. आता हा दांडा सहा वाजेपर्यंत हलणार नव्हता. बाई काहीही म्हणोत.

तो आता जे वाजवत होता ते इथे वाजत होतं, आणि दीडशे मीटर चालून, कापसातून गाळून, जवळजवळ एका ठोक्याने उशिरा एका छोट्या पाठीपर्यंत पोचत होतं. म्हणजे तिचा आत्ता आणि त्याचा आत्ता वेगळे होते. तरी लय एकच होती. हे त्याला इतकं विलक्षण वाटलं की त्याने कुणाला तरी सांगावं म्हणून वळून पाहिलं. जवळ फ्यूज होता.

"फ्यूज, आवाजाला उशीर होतो."

"होतो," फ्यूज म्हणाला. "माणसांनाही होतो."

ऊन उतरलं, गवत तांबूस झालं. बाहेर गेलेले परत आले की नाही, ते त्याने मोजलं नाही. लाट मात्र परत आली होती. आधी मधल्या रांगांतून, मग कडेच्या, मग गवतावर पाठ टेकलेले उठून उभे राहिले आणि उभ्या उभ्या त्यात मिसळले. कुणी हात वर करत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. एक बाई चपला हातात घेऊन डोळे मिटून डुलत होती. एक आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, आणि दोघांचे गुडघे एकत्र वाकत होते. सूर आले, विरले, दुसरे आले. कुठे एक संपला आणि कुठे दुसरा लागला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पायऱ्यांपाशी आयोजक बाई अजून घडी घालून उभ्या होत्या. चेहरा तसाच कडक. पण त्यांचा उजवा पाय टाच न उचलता डावीकडे झुकत होता, आणि परत येत होता, आणि झुकत होता.

साडेपाचच्या सुमारास त्याने फटीतून पाहिलं. खिडकीत पिवळा टॉवेल होता. त्यावर उतरत्या उन्हाचा एक तुकडा पडला होता, आणि तो इतका पिवळा दिसत होता की त्या पिवळ्याला दुसरं नाव लागेल.

सहाला त्याने शेवटचा सूर विरू दिला. टाळ्या लगेच आल्या नाहीत. लोकांना थांबलंय हे कळायला थोडा वेळ लागला.

"पुढच्या वेळी आधी अर्धा तास जरा नाचवा," आयोजक बाई म्हणाल्या. "मग हे करा. माझ्या बाजूने हरकत नाही. आता तुमचा शब्द?"

"माझ्याबरोबर चला," तो म्हणाला. "तिथे देतो."

"पिवळा लागलाय की. तुमच्या फ्यूजने सांगितलं मला सगळं."

"पिवळा लागला तेव्हा माझा ठोका चालू होता. घरी भिंतीतून ठोका येत नाही."

बाई त्याच्याबरोबर चालू लागल्या.

ते केबिनपाशी पोचले तेव्हा मैदान गप्प होतं. त्याने दार हळूच सरकवलं. गोटी तशीच होती, गाल चेपलेला, फुगा फुटलेला. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्यांचा हात चालू होता. खाटेजवळ थर्मासचं झाकण उघडं होतं, चहा गार झाला होता. तो प्यायला त्यांनी हात काढला नव्हता, हे उघड होतं.

तेवढ्यात बाहेर पुढच्या डीजेने सुरुवात केली. पहिल्याच ठोक्याला पत्रा थरथरला. जलद, उतावळा ठोका, आधीच्या पोरापेक्षाही चढा. जावई दारात थिजला. गोटीच्या कपाळावर एक आठी उमटली, भुवया जवळ आल्या. सासूबाईंचा हात वर होता, हवेत. तिथे तो ठोका येऊन त्याला ढकलत होता, खाली ओढत होता, चल म्हणत होता.

हात थांबला. मग आपल्या वेळेला खाली आला.

मग वर गेला. मग आपल्या वेळेला खाली आला. आठी विरली.

त्याने पुढे होऊन सासूबाईंच्या गळ्यातलं स्टॉपवॉच अलगद काढून घेतलं. आयोजक बाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्याने बटण दाबलं आणि काट्याकडे न बघता हाताकडे बघत मोजायला लागला. बाहेर ठोका धावत होता. काटा पूर्ण फिरून आला तेव्हा त्याने पुन्हा बटण दाबलं.

एक मिनिट. अठ्ठावन्न थापा, एकशे सोळाच्या बरोबर निम्म्या.